हातचलाखीचा पहिला धडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या वर्धापनदिनी मी लोणच्यांवर बोलले होते. यंदा माझ्या नावापुढे ‘जादूचे प्रयोग’ हा विषय पाहून पुष्कळ जणींना हसू आले. जिला स्वतःचा चष्मा दिवसातून चारदा सापडत नाही, ती दुसऱ्याचा रुपया काय नाहीसा करणार, असे आमच्या घरीही म्हणून झाले! परंतु ही हौस मला का लागली, ते आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक मनुष्य आला. कपाळी भस्म, गळ्यात माळा, हाती कमंडलू. त्याने माझ्या धाकट्या जाऊबाईंकडून चिमूटभर हळद मागितली, ती त्यांच्याच तळहातावर ठेवली आणि कमंडलूतील पाणी शिंपडले. हळद कुंकवासारखी लाल झाली! “घरावर संकट आहे, देवीने खूण दिली,” तो म्हणाला. संकट उतरविण्यासाठी त्याने जाऊबाईंच्या गळ्यातील पोत फडक्यात बांधून दिली आणि गाठ तिसऱ्या दिवशी सोडायला सांगितली. सोडली तेव्हा आत खडे निघाले.

सर्वांनी जाऊबाईंना बोल लावला. मीही लावला. पण त्या माणसाला बसायला पाट मी दिला होता, आणि लाल हळदीला पहिला नमस्कारही मीच केला होता. हे मी आजवर चारचौघींत बोलले नव्हते.

पुढे दिवाळीत माझा भाचा आला. त्याला हातचलाखीचे चार खेळ येतात. मी विचारले, “हळदीचे कुंकू करता येते का रे?” तो म्हणाला, “मावशी, मोरीत चल.” हळदीचा डाग पडलेल्या फडक्याला त्याने धुण्याचा साबण चोळला. डाग लाल झाला. त्या माणसाच्या कमंडलूत बहुधा चुन्याची निवळी होती. चुना, सोडा, साबण यांतील क्षार लागला की हळद तांबडी होते. लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. तीस वर्षे मी असे डाग धूत आले आहे, आणि धुण्याच्या दगडापुढे मी कधी हात जोडले नव्हते!

राहिली गाठोड्याची अदलाबदल. तो भाग मात्र हाताने शिकावा लागला. भाच्याने दहा रुपयांच्या नाण्यापासून आरंभ करविला. नाणे उजव्या तळहाताच्या मध्यभागी ठेवायचे, अंगठ्याखालच्या आणि करंगळीखालच्या मांसल भागांत किंचित दाबून धरायचे, आणि बोटे सैल सोडायची. महिनाभर माझे नाणे कधी कणकेच्या परातीत पडे, कधी ताकात. मग नाणे डाव्या मुठीत दिल्याचा बहाणा. इथे खरी मेख आहे. पाहणारा आपल्या हातांकडे पाहत नाही; आपण जिकडे पाहतो तिकडे पाहतो. म्हणून आपण रिकाम्या मुठीकडेच, जणू तिच्यात नाणे आहे अशा भरवशाने पाहायचे. घाई करायची नाही, आणि तोच खेळ त्याच माणसांपुढे लगेच दुसऱ्यांदा करायचा नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी घाई केली, आणि नाणे तबकात खणकन वाजले!

रोज आरशासमोर सराव करताना जाऊबाई शेजारी बसत. एक दिवस त्या म्हणाल्या, “अक्का, गाठ बांधताना त्याने मला डोळे मिटून देवीचे नाव घ्यायला लावले होते.” मी म्हटले, “आणि मी तुमच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहत होते.” त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. पोत परत आली नाही. पण तीन वर्षे खाली गेलेली त्यांची मान वर आली.

जादू वाईट नव्हे, बरे का! लहानपणी मार्गशीर्षात योगेश्वरीच्या यात्रेत वाट्या-गोट्यांचा खेळ पाहताना मी घरची वाट विसरत असे. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांनी ही कला देशोदेशी नेली. मुलगा विजय व नातू जितेंद्र यांनी ती पुढे चालविली. सुहानी शाह यांनी तर १९९७ साली, वयाच्या सातव्या वर्षी रंगमंचावर पाऊल ठेवले. जादूगार तिकीट घेऊन सांगून फसवितो. भोंदू न सांगता. हा फरक लोकांना कळावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव असे ‘चमत्कार’ करून दाखवीत आले. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉक्टरांची हत्या झाली, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्काराने लोकांना लुबाडणाऱ्यास त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद सांगितली आहे.

पण कायदा दारात उभा नसतो. दारात आपण असतो. तेव्हा कोणी “डोळे मिट” म्हणाले की ते उघडे ठेवावेत, आणि आपली सून, जाऊ, शेजारीण फसली तर तिला बोल लावण्यापूर्वी आपण कोठे पाहत होतो ते आठवावे.

आता प्रयोग करते. तबक जाऊबाई धरतील. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी दुपारी घरी यावे. नाणे आपापले आणावे, परत मिळेल!