पठाणाची झडप

आमच्या पनवेलच्या खाडींतून एके काळीं शिडाच्या गलबतांची मोठी ये-जा असे. पावसाळ्यांत तीं किनाऱ्यावर ओढीत, तळास धरलेलीं कालवें खरवडीत, सांधे कापसानें व तेलानें भरीत आणि नारळी पौर्णिमा झाली कीं पुन्हां पाण्यांत लोटीत. आज ज्या भागाविषयीं मला बोलावयाचें आहे तो त्या गलबतांना नव्हता. परंतु त्याला निगा मात्र तशीच लागते.

नावेच्या तळाचा जो कणा त्यास आपले खलाशी पठाण म्हणतात. शहरवासीयांस या शब्दानें खैबर खिंड आठवेल, पण हा दर्यावर्दी शब्द निराळा. सफरीच्या विलायती यॉटमध्यें हा पठाण माशाच्या परासारखा खोल उतरलेला असतो. आडवा वारा नावेस पुढें नेतो तसाच बाजूसही लोटतो. त्या लोटण्यास पठाण अडवितो. मात्र अडवितांना नाव थोडी तिरकी सरकतेच. १९६७ सालीं अमेरिकन चषकाच्या शर्यतीसाठीं ऑलिन स्टीफन्स यांनीं 'इन्ट्रेपिड' नौका आंखली. तिचें सुकाणूं पठाणापासून तोडून पार मागें नेलें आणि पठाणाच्या मागल्या कडेस बिजागरीवर फिरणारी झडप बसविली. नौका जिंकली, आणि हा 'ट्रिम टॅब' पुढें सफरी नौकांतही शिरला.

त्याचें कार्य समजून घेण्यास यंत्रशास्त्र नको. ओहोटीच्या धारेंत तळहात उभा धरावा, बोटें पाणी वाहतें त्या दिशेस. कांहींच जोर जाणवत नाहीं. आतां बोटांचीं टोकें किंचित् उजवीकडे वळवा; सारा हात डावीकडे ढकलला जातो. झडपही तशीच वाऱ्याखालच्या बाजूस चार-पांच अंश वळविली कीं पठाण नावेस वाऱ्याकडे उचलतो, सरकणें कमी होतें आणि सुकाणूंवरचा भार हलका होतो. मागचा वारा असतां ती मध्यावर आणावी. नौकेनें कूस बदलली कीं झडपेनेंही बदलावी. हें विसरणाऱ्या खलाशास ती नसलेलीच बरी.

परंतु आजच्या जुन्या नौकांतील खरी अडचण चालविण्याची नसून झिजेची आहे. झडपेचा दांडा पठाणांतून वर येतो. फटींत कालवें बसतात, धारवे झिजतात. खाऱ्या पाण्यांत दोन निरनिराळे धातू एकत्र आले कीं त्यांतील एक दुसऱ्यासाठीं खाल्ला जातो. म्हणून जस्ताचा तुकडा मुद्दाम बळी देण्यास लावतात. न गंजणारें म्हणून मिरविणारें पोलादही, जेथें पाणी कोंडून प्राणवायु मिळत नाहीं, तेथें आंतल्या आंत कुरतडलें जातें. वरून दांडा चकचकीत, आणि फटींत अर्धा उरलेला! झडप एका बाजूस अडकली तर नाव सदैव तिकडेच ओढ घेते व सुकाणूं रात्रंदिवस तिच्याशीं झगडत राहतें.

आपल्याकडचें उदाहरण पहा. सेनेच्या इंजिनियर दलाची 'तृष्णा' ही ३७ फुटी, जुनी विकत घेतलेली नौका. १९८५ सालीं निघून ती १९८७ च्या जानेवारींत पृथ्वीप्रदक्षिणा आटोपून मुंबईस पोंचली. उलट गोव्यांत बांधलेली नवी 'तारिणी', सहा महिला अधिकाऱ्यांसह प्रदक्षिणेच्या शेवटच्या टप्प्यांत असतां, २०१८ च्या एप्रिलांत सुकाणूं बिघडल्यामुळें मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरांत थांबली. दुरुस्ती झाली आणि २१ मे रोजीं ती गोव्यास परतली. नव्या नौकेची ही गोष्ट, तर पन्नास वर्षांच्या झडपेवर कितीसा भरंवसा ठेवावा?

माझें मत स्पष्ट आहे. दरवर्षीं नौका कोरड्या जागीं काढून दांडा बाहेर ओढून पाहण्याची तयारी असेल, तर झडप ठेवावी व धारवे नवे घालावे. नसेल, तर ती मध्यावर आणून पक्की जखडावी. वेग थोडा जाईल, जाऊं द्यावा. नौका विकत घेणाऱ्यानें तर ती पाण्याबाहेर असतांच झडप हातानें हलवून पहावी, आणि विकणारा 'ती बरीच वर्षें वापरलीच नाहीं' म्हणाला, तर दांडा काढून दाखविल्याखेरीज पैसे मोजूं नयेत.