कॉलरवरची टिकली

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)



सूत्रसंचालकांनी फोनवर मला बजावून सांगितलं होतं, "प्रत्येकानं आपल्या छंदावर दहा मिनिटं बोलायचं. मुलांच्या नोकऱ्या, फ्लॅटचे भाव आणि गुडघेदुखी हे तीन विषय बाद." तेव्हा माझ्याकडे 'स्टार ट्रेक' एवढा एकच विषय उरला.

मी गणवेश शिवतो, हे तुम्हाला माहीत आहे. शाळांचे, सुरक्षारक्षकांचे, बँडवाल्यांचे. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. ज्याला कुणी फारसं विचारत नाही, त्याच्या अंगावर जर जास्त लागते. वरातीतल्या क्लॅरिनेटवाल्याच्या खांद्यावर जेवढी सोनेरी दोरी असते, तेवढी जनरलच्याही नसते. त्यामुळे कुठलाही गणवेश दिसला, की माझी नजर आधी बाही आणि कॉलरवर जाते. माणसाचा चेहरा नंतर.

स्टार ट्रेक अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली. आपण ती पाहिली दूरदर्शनवर, रविवारी सकाळी, आणि आमच्या आळीतला एकुलता एक टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. म्हणजे जहाजावर तीन रंगांचे सदरे आहेत, हेच मला फार उशिरा कळलं. सोनेरी रंग हुकूम देणाऱ्यांचा, निळा विज्ञान आणि वैद्यकीय विभागाचा, लाल इंजिनवाल्यांचा आणि पहारेकऱ्यांचा. यातली गंमत अशी, की कॅप्टन कर्कचा तो सोनेरी सदरा मुळात हिरवट होता. स्टुडिओच्या दिव्यांखाली आणि फिल्मवर तो सोनेरी दिसायचा. गिऱ्हाईक दुकानात एक रंग पसंत करतं आणि उन्हात नेऊन दुसराच म्हणतं, ते दुःख हॉलिवूडलाही चुकलेलं नाही. आणि ते कापड होतं व्हेलोर, मखमलीसारखं. धुतलं की आटायचं. तिसऱ्या वर्षी त्यांनी कापडच बदललं. विल्यम वेअर थाइस हे त्या कपड्यांचे रचनाकार. त्यांच्याविषयी मला मनापासून सहानुभूती आहे.

आता हुद्दे. सैन्यात गेलेले आपले मित्र पुढच्या रांगेत बसलेत, चुकलो तर हटकतील. कर्क हा नौदलाच्या पद्धतीचा कॅप्टन. आपल्या भूदलातला तीन स्टारवाला कॅप्टन वेगळा. नौदलाचा कॅप्टन हा भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या असतात. कर्कच्या बाहीवर मात्र दोन अखंड फिती आणि मधे एक तुटक. स्पॉक कमांडर, त्याला दोन. सुलू आणि उहुरा लेफ्टनंट, एकेक. चेकॉव्ह एन्साइन, म्हणजे सगळ्यांत खालचा अधिकारी, त्याची बाही कोरी. आपल्या नौदलात दोन जाड पट्ट्या आणि मधे एक बारीक पट्टी असली, तर तो लेफ्टनंट कमांडर. म्हणजे कर्कसाहेब मुंबईच्या गोदीत उतरले असते, तर त्यांना दोन पायऱ्या खालचा सॅल्यूट मिळाला असता.

१९८७ साली दुसरी मालिका आली, 'द नेक्स्ट जनरेशन'. रंगांची अदलाबदल झाली. लाल गेला कप्तानाकडे आणि सोनेरी आला इंजिनवाल्यांकडे. बाहीवरच्या फिती गेल्या, कॉलरवर गोल टिकल्या आल्या. कॅप्टनला चार, कमांडरला तीन, लेफ्टनंटला दोन, एन्साइनला एक. मधल्या हुद्द्यांना एक टिकली पोकळ. हिशोब मोठा सुटसुटीत. सुरुवातीचे ते एकसंध तंग कपडे इतके त्रासदायक होते, की तिसऱ्या वर्षापासून मुख्य नटांना दोन भागांचा गणवेश द्यावा लागला. मग वरचा भाग बसताउठता वर सरकू लागला आणि पॅट्रिक स्टुअर्ट तो खाली ओढत राहिले. ती ओढ पुढे त्यांची लकब म्हणून प्रसिद्ध झाली. शिंप्याच्या लेखी ते फिटिंग आहे, लकब नव्हे.

मला बोलायचंय ते खरं ओब्रायनविषयी.

मालिकेचे जनक जीन रॉडेनबेरी दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानं चालवत, नंतर लॉस एंजेलिसच्या पोलिसात होते. म्हणजे हुद्दा काय असतो, हे त्यांना सांगायला नको. तरी त्यांचं स्वप्न असं, की भविष्यात अंतराळात जाणारा प्रत्येक जण इतका शिकलेला असेल, की सगळेच अधिकारी. शिपाई, हवालदार ही भानगडच नाही. ऐकायला फार छान. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऐन विशीत अशीच स्वप्नं पाहिली आहेत.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. बाहीवर तीन फिती. निवृत्त झाल्यावर ते माझ्याकडे दुकानात येऊन बसत, काजं-बटणांवर नजर ठेवत. इंग्रजी येत नसे, पण केबलवर स्टार ट्रेक लागली की बघत. त्या जहाजावर माणसांना इकडून तिकडे पाठवणारं यंत्र चालवायला एक कुरळ्या केसांचा गडी असे, मागे उभा, बोलायला दोन वाक्यं. तोच ओब्रायन. एकदा आप्पांनी विचारलं, "ह्यो कोण?" मी म्हटलं, "कॉलरवर दोन टिकल्या आहेत, म्हणजे लेफ्टनंट." आप्पा म्हणाले, "टिकल्या कुणी बी लावंल. मशिनीजवळ हुभा कसा ऱ्हातुय बघ. ह्यो हापिसर न्हाय, आपल्यातला हाय."

आणि आप्पांचं बरोबर होतं! १९९०च्या एका भागात वर्फचे मानलेले आईवडील जहाजावर येतात. वडील जुने चीफ पेटी ऑफिसर. ते ओब्रायनला आपल्याच हुद्द्याचा म्हणून ओळखतात. चीफ पेटी ऑफिसर म्हणजे आपल्या भाषेत हवालदाराच्या घराण्यातला माणूस. आधीच्या भागांत याच ओब्रायनला लेफ्टनंट म्हणून हाक मारलेली आहे, टिकल्याही लेफ्टनंटच्याच होत्या. आता पंचाईत आली. सगळे अधिकारीच असतील असं ठरवलेल्या जगात हवालदारासाठी चिन्हच केलेलं नव्हतं. मग त्याला एक पोकळ टिकली दिली. १९९३ साली 'डीप स्पेस नाइन' सुरू झाली, तिथे तो मोडक्या अंतराळ-स्थानकाचा मुख्य दुरुस्तीवाला झाला, तरी कॉलरवर पोकळ टिकलीच. चौथ्या वर्षी कुठे त्याला स्वतंत्र पट्टी मिळाली, हवालदाराच्या फितींसारखी वाकड्या रेघांची. पैसा नाहीसा झालेला, गरिबी संपलेली, माणसं प्रकाशाच्या वेगापलीकडे पोचलेली, आणि हवालदाराच्या कॉलरवर काय लावायचं हे ठरायला इतकी वर्षं!

आप्पा तोवर गेले होते. ती पट्टी मी एका सीडीवर पाहिली, थांबवून थांबवून, आणि कागदावर उतरवून घेतली.

हॅरी किमबद्दलही दोन शब्द, कारण इथे त्याचे भाऊबंद बसलेत. 'व्हॉयेजर' मालिकेत हा एन्साइन आहे. जहाज घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर भरकटलेलं. १९९५ ते २००१ अशी सात वर्षं हा एका टिकलीवर काम करतो. त्याचा मित्र टॉम पॅरिस हुकूम मोडतो, महिनाभर कोठडीत बसतो, त्याची टिकली काढून घेतात आणि पुढे परतही देतात, छोट्या डबीत घालून, त्याच्या खुर्चीवर ठेवून. हॅरी तेवढंच बोलून दाखवतो, की माझ्या खुर्चीवर काही डबी दिसली नाही. एका कारखान्यात आपल्या एका मित्रानं एकोणीस वर्षं त्याच खुर्चीवर काढली, आणि त्यानं शिकवलेली तीन पोरं त्याची साहेब झाली. तो हसतोय. हस बाबा.

ओब्रायनचं पुढे काय झालं, ते गुरुजनांसाठी सांगतो. १९९९ साली मालिका संपली, तेव्हा तो बायकोमुलांना घेऊन पृथ्वीवर परतला, स्टारफ्लीट अकॅडमीत इंजिनिअरिंग शिकवायला. म्हणजे होणारे सगळे अधिकारी आता हवालदारापुढे वही उघडून बसणार. आणि बाहेर पडले, की नियमाप्रमाणे त्यानंच त्यांना 'सर' म्हणायचं.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी शिवलेले तीन सदरे टांगले आहेत. कर्कचा, पिकार्डचा आणि ओब्रायनचा. कर्कचा हिरवटच शिवलाय, रंग चुकला असं कृपया म्हणू नका. ओब्रायनचा सदरा आप्पांच्या मापाचा आहे. ज्याला होईल त्यानं घालून फोटो काढावा, फक्त हात पुसून. भजी आहेत आज.