दोन खाती आणि व्हाउचर

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा ठराव आला होता. मी उठून म्हणालो, "हवामान बदलतंच असतं. त्यासाठी सोसायटीच्या फंडाला भोक कशाला?" ठराव बारगळला. घरी नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही हिशेब तपासलात का?" बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे लागणारच. मग वाचायला बसलो.

पहिलं खातं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं. हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावर चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ पासून त्याची नोंद ठेवली. तेव्हा हवेच्या दहा लाख रेणूंमागे या वायूचे सुमारे ३१५ रेणू होते, आता ४२०च्या वर आहेत. उत्तर गोलार्धात झाडं वाढीला लागली की आकडा उतरतो, हिवाळ्यात पुन्हा चढतो. पण वर्षाची शिल्लक वाढतीच. १९६४ मध्ये पैशांअभावी काही महिने नोंद थांबली, तरी गृहस्थांनी ती पुन्हा सुरू केली.

दुसरं खातं तापमानाचं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाशी तुलना केली, तर पृथ्वीचं सरासरी तापमान एक अंश सेल्सिअसहून जास्त वाढलंय.

पण दोन खात्यांची शिल्लक एकदम वाढली, म्हणून त्यांचा संबंध आहे असं ऑडिटर मानत नाही. तो व्हाउचर मागतो. मीही मागितलं. हा वायू माणसाचाच कशावरून? कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात आणि तेलात कार्बन-१४ उरलेला नसतो. ते जाळल्याने हवेतलं त्याचं प्रमाण घटल्याचं हान्स सूस यांनी १९५० च्या दशकात झाडांच्या लाकडावरून दाखवलं.

आणि सूर्यच जास्त तापला असेल तर? मग खालची हवा आणि वरचा स्ट्रॅटोस्फिअर, दोन्ही तापायला हवेत. हा वायू वाढला तर मात्र खालची हवा तापते आणि वरचा थर थंड होतो. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये गणित करून हे मांडलं. पुढे फुगे आणि उपग्रह यांच्या मोजमापांत तेच दिसलं. मानाबेंना २०२१ मध्ये नोबेल मिळालं.

व्हाउचर जुळलं, मंडळी. चूक माझी होती.

आपल्या गच्चीवरच्या पॅनेलनी पृथ्वी थंड होणार नाही, हे मलाही कळतं. पण आपल्या नावावरची रक्कम थोडी तरी कमी होईल. बँकेत चुकीची नोंद खोडून शेजारी सही करायची पद्धत होती. तीच आज करतो. पुढच्या सभेत तो ठराव पुन्हा आणावा आणि सूचक म्हणून माझं नाव घालावं. नातीला तसं कळवून टाकलंय.