उन्हाळ्यातील उमेदवारी



वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि महाविद्यालयांच्या परीक्षा आटोपण्याचे दिवस बहुधा बरोबरच येतात. तेव्हा आज आम्ही जो विषय घेतला आहे तो या ऋतूचाच आहे. परीक्षा संपल्यावर विद्यार्थी उन्हाळ्याचे सहा-आठ आठवडे कोठे आणि कसे घालवतो, हा प्रश्न पूर्वी ज्याच्या त्याच्या घरचा होता. आता तो विद्यापीठाचाही झाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यातील पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प, समाजाशी सहभाग आणि प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे समाजसेवा ही केवळ आवडीची गोष्ट न राहता गुणपत्रिकेत जाऊन बसली आहे.

याला इंटर्नशिप म्हणतात. परंतु आपल्या भाषेत त्यासाठी एक जुना आणि नेमका शब्द आहे. तो म्हणजे उमेदवारी. सोनाराच्या पेढीवर, सुताराच्या कारखान्यात, वकिलाच्या कचेरीत मुलगा उमेदवारीला राही. तो वस्तादाचे काम करी आणि करता करता शिके. काम वस्ताद ठरवी आणि काम बिघडले तर कानही तोच धरी. खेड्यात सेवेसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याचा वस्ताद कोण, हे मात्र आपण अद्याप ठरवलेले नाही. म्हणून तीन प्रश्न उभे राहतात : या उमेदवारीत काम कोणी ठरवायचे, तिचा खर्च कोणी सोसायचा, आणि तिचा हिशेब कोणाला द्यायचा? एवढ्याच प्रश्नांचा आज विचार करू.

ही कल्पना काही परदेशातून आलेली नव्हे. बाबा आमटे यांनी गेल्या शतकाच्या सातव्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ती भरे मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आलेली तरुण मुले तेथे सकाळी कुदळ-फावडे घेत आणि दुपारी विचारवंतांची भाषणे ऐकत. तेथून परतलेल्यांपैकी काहींनी पुढे सारा जन्म अशा कामाला वाहिला. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सरकारने ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर, असा तिचा शिरस्ता पडला. २००६ पासून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘निर्माण’ या उपक्रमाद्वारे तरुणांना आपल्या जगण्याचा हेतू शोधण्याची शिबिरे घेतली. हे सर्व प्रयत्न मोलाचे आहेत. तथापि सात दिवसांच्या शिबिरात रस्ता झाडला जातो, झाडे लावली जातात, आणि जूनमध्ये त्या झाडांना पाणी कोण घालतो याची चौकशी क्वचितच होते. हा विद्यार्थ्यांचा दोष नव्हे. काम ठरवताना गावाला कोणी विचारलेले नसते, म्हणून गावालाही त्याची मातब्बरी वाटत नाही.

गावाने काम ठरवले म्हणजे काय होते, याचा दाखला आपल्याच खानापूर तालुक्यात आहे. येरळा नदीवरील बळीराजा स्मृती धरण आपणांस ठाऊकच आहे. वाळूच्या उपशाने नदीचे पात्र खरवडून निघत होते, विहिरींचे पाणी खाली जात होते, आणि वाळूचा पैसा ठेकेदाराच्या घरी चालला होता. १९८० च्या दशकात बलवडी व तांदूळवाडी या गावांतील लोक मुक्ती संघर्ष चळवळीच्या रूपाने उभे राहिले. आपल्या नदीची मोजकी वाळू आपणच विकू आणि त्या पैशातून धरण बांधू, असे त्यांचे म्हणणे होते. डॉ. भारत पाटणकर यांच्यासारखे कार्यकर्ते आणि के. आर. दाते यांच्यासारखे निष्णात अभियंते त्यांच्याबरोबर होते. पण पाणी कोणाला द्यायचे, हे अभियंत्याने ठरवले नाही. ते गावाने ठरवले : भूमिहीनासह प्रत्येक घराला पाण्याचा वाटा. शिकलेल्या माणसाने आपली विद्या घेऊन यावे, गावाच्या निर्णयाला हिशेबाचा आधार द्यावा आणि निर्णय गावाकडेच राहू द्यावा, हा धडा येथून विद्यार्थ्याने घ्यावा. विट्याला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला पहिल्या दिवशी येरळेच्या काठी नेले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

दुसरा दाखला शेजारच्या माण तालुक्यातील आहे. हल्ली विद्यापीठांतून ‘सामाजिक उद्योजकता’ हा शब्द फार ऐकू येतो. समाजाचे दुखणे दूर करणारा, पण देणगीवर न जगता स्वतःच्या पायावर उभा राहणारा व्यवहार, असा त्याचा साधा अर्थ. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक हे त्याचे ठळक उदाहरण होय. श्रीमती चेतना सिन्हा मूळच्या मुंबईच्या. जयप्रकाशजींच्या चळवळीतून घडलेल्या त्या तरुणीने विवाहानंतर म्हसवडला संसार मांडला. लोहारकाम करणारी एक बाई आपल्या पालावर पावसाळ्यापूर्वी ताडपत्री घालण्यासाठी थोडे थोडे पैसे साठवू पाहत होती, पण इतक्या लहान रकमेचे खाते कोणतीही बँक उघडीना. तेव्हा बायकांचीच बँक काढावी असे ठरले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींचे अंगठे होते. त्या स्त्रिया गावी परतल्या, लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हांला व्याजाचा हिशेब तोंडी घाला, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय तोच घाला, असे त्यांनी सांगितल्याचे श्रीमती सिन्हा सांगतात. १९९७ साली बँक उभी राहिली.

म्हसवडच्या या संस्थेकडे देशातून आणि परदेशांतूनही विद्यार्थी उमेदवारीसाठी येत आले आहेत. तेथे त्यांनी काय शिकावे? व्यवस्थापनशास्त्राचा पदवीधर जो हिशेब यंत्रावर करतो तो शेळ्या राखणारी बाई तोंडी करते, हे एक. आणि बाईला दिवसाची मजुरी बुडवून बँकेत यावे लागू नये म्हणून बँकेच्या माणसाने आठवड्याच्या बाजारात तिच्याकडे जावे, ही युक्ती गरजवंतांच्या अडचणीतूनच निघते, हे दुसरे. जो विद्यार्थी शिकवायला जातो तो कंटाळून परत येतो, आणि जो कामाला लागून विचारीत राहतो त्याचा उन्हाळा सत्कारणी लागतो.

येथवर काम कोणी ठरवायचे या प्रश्नाचा विचार झाला. आता खर्चाकडे वळू. त्याची चर्चा होत नाही, आणि आमच्या मते सर्वांत मोठा अन्याय तेथेच दडला आहे. सेवेची उमेदवारी बहुधा बिनपगारी असते. ज्याचा बाप सुखवस्तू आहे तो दोन महिने खेड्यात राहू शकतो, तेथला अनुभव अर्जात लिहू शकतो आणि त्या जोरावर पुढे चांगली जागा मिळवू शकतो. पण ज्याची आई यंत्रमागाच्या खात्यावर कांड्या भरते, त्या मुलाला उन्हाळा म्हणजे वर्षाची फी जमवण्याचे दिवस. तो दुकानात उभा राहतो, बागेत फवारणी करतो, नाहीतर गलाईच्या दुकानावर परमुलखात चुलत्याकडे जातो. गरिबी म्हणजे काय हे ज्याला पाठ आहे, त्यालाच गरिबांच्या सेवेची उमेदवारी परवडत नाही! त्याचे श्रेयांक मग कागदावर भरले जातात, कोणीतरी सही देतो आणि सगळेच गप्प बसतात.

याचे उत्तर आपल्या मातीत फार पूर्वी मिळाले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या बालपणीच्या शिक्षणाची काही वर्षे या विट्यातही गेली. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊरावांनी गरीब मुलाला फुकटचा उपदेश केला नाही. ‘कमवा आणि शिका’ असे सांगून त्यांनी काम दिले, आणि त्या कामातून त्याचे शिक्षण चालेल अशी सोय केली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले. त्या अन्नाला कष्टाची जोड होती, म्हणून ते खाताना मुलाची मान खाली गेली नाही. दुसरे उदाहरण वि. स. पागे यांचे. रोजगार हमीचा पहिला प्रयोग त्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापुरात केला आणि तो पुढे साऱ्या राज्याचा कायदा झाला. मागेल त्याला काम आणि कामाला दाम, हा विचार ज्या जिल्ह्याने देशाला दिला, त्या जिल्ह्यात विद्यार्थ्याचा घाम तेवढा फुकट का असावा?

कोणी म्हणेल की पैसे घेतले तर ती सेवा कसली? शंका रास्त आहे. परंतु शिक्षक पगार घेतो, दवाखान्यातील परिचारिका पगार घेते, आणि तरी त्यांच्या हातून सेवा घडते. सेवेचे मोल कामाच्या खरेपणावर ठरते, उपाशी राहण्यावर नव्हे. दुसरी शंका अशी की दोन महिन्यांत मुले काय दिवे लावणार? मोठे काम होणार नाही हे आम्हीही मानतो. म्हणूनच काम लहान, नेमके आणि मोजता येणारे असावे.

विट्यात अशी कामे हवी तितकी आहेत. गलाईच्या धंद्याने आपली माणसे हिंदुस्थानभर पसरली आहेत. गावात मागे राहिलेले म्हातारे आईबाप कोणत्या घरी एकटे आहेत, त्यांचे औषधपाणी कोण पाहते, याची वाडीवार यादी कोणाजवळ आहे? मागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या कामगारांचे कान तपासायला डॉक्टर तयार झाले, तर घरोघर जाऊन माणसे गोळा कोण करील? टेंभू योजनेचे पाणी कृष्णेतून उचलून आपल्या भागापर्यंत आले. पण कोणत्या शिवारातील विहिरीला मे महिन्यात किती हात पाणी असते, याची नोंद सलग दहा वर्षे ठेवली तर पुढच्या पिढीला ती किती उपयोगी पडेल! २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतील शहरांत विटे देशात पहिले आले. तो मान टिकवायचा तर ओला-सुका कचरा कोणत्या गल्लीत अजून एकत्र पडतो हे कोणीतरी सकाळी उठून पाहिले पाहिजे.

आता हिशेब. समजा, दहा विद्यार्थी घेतले. सहा आठवडे, आठवड्याला सहा दिवस, रोजी ३०० रुपये. एकूण खर्च होतो १ लाख ८ हजार रुपये. ज्या गावाची माणसे देशभर सोने गाळतात त्या गावाला हा आकडा जड नाही. दहांपैकी निम्म्या तरी जागा, ज्यांना घरून आधार नाही अशा मुलामुलींसाठी राखाव्यात. कामांची यादी माघ-फाल्गुनातच तयार व्हावी, आणि ती गावकऱ्यांनी, कामगारांनी, बायकांनी करावी. उन्हाळा संपताना प्रत्येक विद्यार्थ्याने ज्यांच्यात काम केले त्यांच्यासमोर उभे राहून, त्यांना कळेल अशा मराठीत, काय केले आणि काय राहिले ते सांगावे. विद्यापीठाने गुण खुशाल द्यावेत, पण सही आधी त्या लोकांची असावी. आणि राहिलेले काम पुढच्या वर्षीच्या उमेदवाराच्या यादीत पहिले लिहावे, म्हणजे लावलेल्या झाडाला पाणी घालणारा कोणीतरी असेल.

श्रोतेहो, विद्यार्थ्यांनी समाजाकडे यावे असे आपण नेहमी सांगतो. यंदा ते येत आहेत, निदान श्रेयांकासाठी तरी येत आहेत. त्यांना सही देऊन वाटेला लावायचे की वस्ताद होऊन कामाला लावायचे, हे आता आपल्या हाती आहे. व्याख्यानमाला संपली की परीक्षाही संपतील. त्यापूर्वी या सभागृहातील पाच-दहा मंडळींनी एकत्र बसून कामांची पहिली यादी केली, तर आमचे आजचे बोलणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.