भाड्याची हमी

लखनौच्या हुसैनाबाद भागात, मोठ्या इमामबाड्यापासून थोड्याच अंतरावर, एक जुने चित्रालय आहे. अवधच्या नवाबांच्या पुरुषभर उंचीच्या तसबिरी पाहून बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला बहुधा ठाऊक नसते की, त्याच वास्तूशी वसिका कचेरीचे नाव जोडलेले आहे. वसिका या शब्दाचा मूळ अर्थच लेखी करार असा आहे. पण लखनौत तो शब्द उच्चारला की लोकांना आठवते ते त्या करारापोटी नवाबांच्या वंशजांना मिळणारे वेतन.

हे वेतन म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. १८१४ मध्ये नेपाळशी युद्ध सुरू झाले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला पैशाची निकड भासली, आणि गाजीउद्दीन हैदर यांनी तिला सहा टक्के व्याजाने एक कोटी रुपये दिले. पुढे ब्रह्मदेशच्या युद्धात, १८२५ साली, आणखी एक कोटी पाच टक्क्यांनी दिले. मुद्दल कधीच परत मागावयाचे नाही; व्याज मात्र ठरलेल्या माणसांना आणि त्यांच्या वारसांना निरंतर मिळावे, असा हा व्यवहार होता. त्याचा काही भाग तर इराकमधील नजफ आणि करबला या तीर्थक्षेत्रीही पोहोचत असे. कंपनी गेली, बादशाही राजवट आली आणि गेली, पण वसिका चालूच राहिली. फक्त वारसांगणिक वाटे पडत गेले आणि रुपयाचे मोल घसरत गेले. आज काहींच्या वाट्याला महिन्याला दहा रुपयेही येत नाहीत.

याउलट गंगेच्या पैलतीरी, कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताची, म्हणजे बिठूरची कथा आपल्याला ठाऊक आहे. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि त्यांना सालीना आठ लाखांचे वेतन ठरले. ते त्यांच्या हयातीपुरते की त्यांच्या पश्चात कुटुंबासाठीही, याचा उलगडा वेळीच झाला नाही. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारले आणि कंपनीने वेतन थांबविले. नानासाहेबांनी अर्ज केले, अजिमुल्लाखानास लंडनपर्यंत पाठविले, व्यर्थ. नवाबांनी मुद्दल देऊन व्याज लिहून घेतले होते, पेशव्यांच्या हाती होते ते केवळ आश्वासन.

हा जुना इतिहास आज सांगण्याचे कारण अगदी आजचे आहे. गोमतीनगरच्या विभूती खंडात जा, अथवा शहीद पथाने फेरफटका मारा. व्यापारी संकुलांच्या जाहिराती दिसतील. दुकान विकत घ्या, ते आम्हालाच भाड्याने परत द्या, आणि दरसाल बारा टक्के घरबसल्या घ्या! आमच्या परिचयाचे एक गृहस्थ रेल्वेच्या नोकरीनिमित्त लखनौस आले आणि निवृत्तीनंतर तेथेच राहिले. त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून तीस लाख रुपये देऊन असे एक दुकान घेतले. महिन्याला तीस हजार रुपये सतरा महिने अगदी नेमाने आले. अठराव्या महिन्यात आले नाहीत.

मी त्यांना विचारले, "काका, दुकानात भाडेकरू कोण होता?" ते म्हणाले, "अहो, संकुल अजून उघडलेलेच नाही!"

मग ते भाडे येत होते कोठून? समजा, त्या दुकानाची बाजारातील खरी किंमत चोवीस लाख असेल. वरचे सहा लाख विक्रेत्याच्या हाती राहिले. महिना तीस हजारांप्रमाणे सहा लाख वीस महिने पुरतात. काका ज्याला भाडे समजत होते, ती त्यांचीच ठेव होती. ती त्यांना हप्त्याहप्त्याने परत मिळत होती, आणि वर तिच्यावर ते प्राप्तिकरही भरीत होते!

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. फ्रान्समध्ये पर्यटकांच्या निवासगृहांतील सदनिका लोकांना विकून, चालक कंपनीने त्या निदान नऊ वर्षांच्या करारावर भाड्याने परत घ्यावयाच्या, अशी पद्धत आहे. खरेदीदाराला मूल्यवर्धित कर परत मिळतो, म्हणून परदेशी लोकही त्यात पडले. कित्येक ठिकाणी कंपन्या बुडाल्या, कित्येक ठिकाणी भाडे निम्म्यावर आणा म्हणून मालकांनाच दटावले गेले. २०२० च्या साथीत अनेक चालकांनी भाडे थांबविले. साथीमुळे भाडे माफ होत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२२ रोजी ठरविले. पण तोवर दोन वर्षे गेली होती, आणि बुडालेल्या कंपनीकडून निकाल वसूल कसा करावयाचा, हा प्रश्न निराळाच.

असो. काकांच्या कागदांत काय निघाले? विक्रेत्याच्या नावाचा मथळा असलेले एक सामंजस्यपत्र. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, हे १९०८ पासूनच्या नोंदणी कायद्यात आहे; येथे पट्टाही नव्हता आणि नोंदही नव्हती. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली उत्तर प्रदेशाचे जे प्राधिकरण आहे, त्याचे मुख्यालय लखनौतच आहे. ताबा वेळेवर न मिळाल्यास पैसे व्याजासह परत मागण्यास ते दार उघडे आहे. थकलेल्या भाड्याच्या वादात मात्र तेथे दाद लागेलच, असे धरून चालू नये.

दुसरे दार दिवाळखोरी कायद्याचे. ताबा मिळेपर्यंत दरमहा ठरावीक परतावा देण्याचे कबूल करून ज्यांच्याकडून पैसे घेतले, ते वित्तीय धनकोच होत, असे २०१७ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने म्हटले. मात्र २०२० च्या दुरुस्तीप्रमाणे अशा खरेदीदाराला एकट्याने अर्ज करता येत नाही. त्याच प्रकल्पातील शंभर जण किंवा एकूण खरेदीदारांपैकी दहा टक्के, यांत जो आकडा लहान, तितके एकत्र यावे लागतात. शिवाय थकलेल्या भाड्याच्या प्रत्येक हप्त्याची मुदत तीन वर्षांची. विक्रेत्याकडून "पुढील महिन्यात नक्की" असे दूरध्वनी येत राहिले, आणि त्यांवर विसंबून काकांची दोन वर्षे सरली.

त्यांच्या संकुलात खरेदीदार तीनशे दहा. म्हणजे एकतीस सह्या हव्यात. यादी कोणी देत नाही, म्हणून काका नोंदणी कचेरीत जाऊन नावे उतरवून आणतात आणि प्रयागराज, बरेली, गोरखपूर येथील अनोळखी माणसांना स्वतःच्या हाताने पोस्टकार्डे लिहितात. गेल्या आठवड्यात भेटलो तेव्हा एकोणीस सह्या झाल्या होत्या.