तहान आणि तिचा हिशोब



घरी आलेल्याच्या हाती प्रथम पाण्याचा पेला द्यावा, ही आपली रीत. परंतु ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, जो आठवड्यातून दोन-तीन वेळा चार-चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडलेला असतो, त्याच्यासाठी तोच पेला जोखमीचा ठरतो. लोकनायक जयप्रकाश नारायण १९७५ मधील स्थानबद्धतेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डायलिसिसवर आले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजी निधन होईपर्यंत त्याच आधारावर जगले. तेव्हा हा उपचार महानगरापुरता होता. आज तळेगाव-चाकण पट्ट्यातील कामगाराच्या घरीही असा रुग्ण आढळतो. यंत्र जवळ आले. मात्र दोन फेऱ्यांमधले दिवस घरातच काढावे लागतात.

मूत्रपिंड थांबले की प्यालेले पाणी अंगात साचते. एक लिटर पाणी म्हणजे वजनात एक किलोची भर. पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो आणि पाणी फुप्फुसात उतरले की आडवे पडताच दम लागतो. मग यंत्राला थोड्या तासांत फार पाणी ओढावे लागते. रक्तदाब एकाएकी कोसळतो, पायांत गोळे येतात, हृदय शिणते. म्हणून चोवीस तासांत होणारी लघवी अधिक सुमारे ५०० मिलिलिटर, असा सर्वसाधारण आडाखा आहे. नेमका आकडा डॉक्टरांनी ठरवावयाचा. चहा, ताक, आमटी, कढी, बर्फ, सारे याच खात्यात नावे पडते. रोज सकाळी वजन करून लिहून ठेवले की ही रोजकीर्द खोटे बोलत नाही.

‘पाणी कमी प्या’ असे बजावणे सोपे आहे. परंतु तहान लावते ते मीठ! सुमारे ८ ग्रॅम मीठ अंगात एक लिटर पाणी धरून ठेवते. ताटात लोणचे, पापड, फरसाण वाढावयाचे आणि मग पाण्याचा तांब्या उचलून न्यावयाचा, हा रुग्णावर अन्यायच होय. पथ्य एकट्या रुग्णाचे नाही, स्वयंपाकघराचेही आहे. मधुमेह असल्यास वाढलेली साखरही तहान वाढविते. बाजारातील ‘कमी सोडियम’चे मीठ पर्याय म्हणून आणू नये, त्यात बहुधा पोटॅशियम असते आणि रक्तात ते वाढल्यास हृदय बंद पडू शकते. भेटीस येणाऱ्यांनी प्रेमाने आणलेल्या शहाळ्याचीही तीच गत.

आपल्या समाजात चौविहार पाळणारे अनेक आहेत. सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य असल्याने रुग्णास त्याची मदत होते; पण मावळतीच्या आधी तांब्याभर पाणी एकदम पोटात घातले तर सारे व्यर्थ. दिवसाचे उकळून गार केलेले पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून भरावे आणि औषधेही त्यातूनच घ्यावीत. कोरड पडल्यास चूळ भरून टाकावी. चौविहार उपवासाने पाणी आपोआप कमी होईल, अशीही समजूत दिसते. अन्नाविना शरीर स्वतःचे स्नायू झिजविते आणि पोटॅशियम रक्तात उतरते. तेव्हा पर्युषणातील अठ्ठाईचा संकल्प करण्यापूर्वी रुग्णाने डॉक्टरांना विचारावे, आणि घरच्यांनी त्याला त्यासाठी आग्रह करू नये.