झुंडीला समूह म्हणू नका



अध्यक्षाने समारोपात सगळ्यांना सांभाळून घ्यावं, असा आपल्याकडे रिवाज आहे. तो मी आज मोडणार आहे. सकाळच्या परिसंवादात एकामागून एक वक्त्यांनी एकच सूर लावला: हुकूमशाहीच्या भयावह भविष्याच्या कादंबऱ्या म्हणजे एकट्या माणसाने समूहाविरुद्ध केलेलं बंड. समूह आला की गुलामी आलीच. टाळ्याही पडल्या. मला हे मुळीच मान्य नाही.

येवगेनी झाम्यातिनची ‘वुई’ घ्या. १९२४ साली ती इंग्रजीत आली. लेखकाच्या स्वतःच्या देशात छापली जायला १९८८ उजाडलं. तिथे माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. घरं काचेची. गुलाबी चिठ्ठी असेल तरच ठरलेल्या वेळेपुरते पडदे ओढता येतात. सगळे एकाच वेळी उठतात, घाससुद्धा मोजून चावतात. याला समूह म्हणायचं? या लोकांना दोन शब्द मोकळेपणी बोलायला आडोसा नाही! शेवट आठवा. शस्त्रक्रिया करून नायक डी-५०३ची कल्पनाशक्ती काढून टाकली आहे आणि बंडाबद्दल ठाऊक होतं ते सगळं तो सत्ताधीशाला सांगून मोकळा झाला आहे. ज्या आय-३३०वर त्याचा जीव जडला होता, तिला त्याच्यादेखत काचेच्या घंटेखाली बसवून आतली हवा काढून घेतात. ती बेशुद्ध पडते, शुद्धीवर आणतात, पुन्हा तेच. असं तीनदा. ती तोंड उघडत नाही. आणि हा बाजूला बसून तिचा चेहरा पांढराफटक पडल्याची नोंद करतो. त्या राज्याला हेच हवं होतं. हजारो माणसं एका रांगेत, आणि कुणाचं कुणाशी काही नातं नाही.

जॉर्ज ऑरवेलने ‘वुई’ वाचली होती. १९४६ साली तिच्यावर लिहिलंही होतं. त्याच्या ‘१९८४’मध्ये नायक विन्स्टनच्या शेजाऱ्याला, पार्सन्सला, तुरुंगात पाठवते ती त्याची सात वर्षांची मुलगी. विन्स्टन तुटतो तो कधी? मारहाण तो सोसतो. उंदरांच्या पिंजऱ्यासमोर मात्र तो आपल्या प्रेयसीला, ज्यूलियाला, पुढे करतो, आणि तिथे तो संपतो. सत्तेला त्या दोघांमधलं नातं मोडायचं होतं. हाच ऑरवेल स्पेनमध्ये फॅसिस्टांविरुद्ध खंदकात कामगारांच्या खांद्याला खांदा लावून लढला होता. तो समूहाचा शत्रू कसा असेल?

आता आयन रँड. तुमची सगळ्यात मोठी साक्षीदार! ‘अँथेम’, १९३८. त्या समाजात ‘मी’ हा शब्दच पुसला गेला आहे. रँडबाई सोव्हिएत रशियातून आल्या होत्या, त्यांची चीड खोटी नव्हती, हे मी मान्य करतो. पण त्याच पुस्तकात गुन्हा कशाला ठरवलंय, ते कुणीच कसं पाहत नाही? एखादा माणूस दुसऱ्यांपेक्षा अधिक आवडणं, हा तिथे गुन्हा आहे. मैत्री गुन्हा आहे! नायकाला भुयार सापडतं, ते त्याचा मित्र कुणाला सांगत नाही, म्हणून पुढची गोष्ट घडते. बाईंनी कथेत मैत्रीचा पुरावा ठेवला आणि शेवटी विजयपताका एकट्या अहंकाराच्या हातात दिली. ही त्या पुस्तकाची मोठी फसगत आहे, आणि आपले नवे लेखक तीच गिरवताहेत. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या अशा हस्तलिखितांत नायक एकटा, हुशार, आणि भोवतालचे सगळे मेंढरं. त्याला एक मित्र नाही, शेजारीण नाही. असा नायक कोणत्याही हुकूमशहाला परवडतो.

याउलट मार्गारेट अॅटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मधल्या बायका रात्री पहारेकरणींची नजर चुकवून, खाटांमधल्या जागेतून हात लांबवून एकमेकींना स्पर्श करतात, ओठांच्या हालचालींवरून एकमेकींची खरी नावं ओळखतात. व्यक्ती तिथे जिवंत राहते ती दुसरीच्या ओठांवर.

आणि आपण कोणत्या परंपरेच्या व्यासपीठावर बोलतो आहोत? १९७५ साली, आणीबाणीत, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाश नारायणांसाठी भरसभेत प्रार्थना करायला लावली. धैर्य बाईंचं एकटीचं होतं, पण त्याला सभा लागली. सत्ता अशी सभा बंद करते, मोर्चाला परवानगी नाकारते, संघटना मोडते. समूहाला शिव्या घालणारे लेखक तिचं अर्धं काम फुकटात करून देतात.

ज्यांना हे पटलं नसेल त्यांनी आता खुल्या चर्चेत ‘वुई’चं शेवटचं पान उघडावं आणि मला खोडून काढावं. मी इथेच बसलो आहे.